गोठवून ठेवायचा बेक्ड बटाटा

अर्धवट शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्या, पांढरा सॉस आणि चीज यांचे थर लावून भाजण्याआधीच फ्रीझरमध्ये ठेवलेला, आणि लागेल तेव्हा ओव्हनमध्ये भाजून वाढला जाणारा पदार्थ. मूळ युरोपीय. आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांतात दूध-सायीत भाजलेल्या बटाट्याचा उल्लेख 1788 सालचा आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात दुःखाच्या घरी असा बटाटा शेजारीपाजारी करून नेतात. आपल्याकडे पिठलं-भाताचा डबा जातो तसाच. पुण्यातल्या घरांत तो भिशी, वाढदिवस आणि परीक्षेच्या दिवसांसाठी आधी करून ठेवला जातो. ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) आणि बऱ्यापैकी फ्रीझर असला की भागते.

या पदार्थाचे सारे यश पाण्यावर ठरते. बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणीच असते. गोठताना त्याचे स्फटिक होऊन पेशींच्या भिंती फाटतात आणि पदार्थ सुटताना ते पाणी थरांत उतरते. कच्चा बटाटा गोठवला तर तो काळाही पडतो, कारण त्यातले विकर (एन्झाइम) हवेशी संयोग घडवून आणते. उकळत्या पाण्यात ते निष्प्रभ होते. म्हणून 4 मिलिमीटर जाडीच्या चकत्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवतात. सुरीचे टोक आत जावे, पण मध्यावर जरा अडखळावे. मग त्या चाळणीत निथळून कापडावर पसरायच्या आणि वाफ पूर्ण जाऊ द्यायची. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग भांड्याच्या तळाशी पाणी साचते.

बटाट्याची निवडही महत्त्वाची. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आग्रा, इंदूर आणि तळेगाव असा माल येतो. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार तर पावसाळी बटाट्यासाठीच ओळखले जाते. नवा, पातळ सालीचा बटाटा चिकट राहतो, त्याच्या चकत्या मोडत नाहीत. पिठूळ बटाटा कुस्करून लावायच्या प्रकाराला बरा. शीतगृहात फार काळ राहिलेला बटाटा गोड होतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा भाजताना लवकर लाल होतो आणि चीजच्या खारटपणाशी त्याचे जमत नाही.

एक किलो बटाट्याला अर्धा लिटर दूध, 40 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम मैदा आणि 150 ग्रॅम चीज पुरते. लोण्यात मैदा कच्चट वास जाईपर्यंत परतून त्यात दूध थोडे थोडे घालतात. पळीच्या पाठीवरून बोट ओढले की रेघ तशीच राहावी, इतपत सॉस दाट हवा. मिरी, जायफळ आणि परतलेला कांदा ही मूळ चव. पुणेकर हिरवी मिरची आणि लसूण घालतात, आणि त्याने पदार्थ खुलतोच. दही मात्र घालू नये, गोठवल्यावर ते फाटते. कॉर्नफ्लोअरच्या सॉसलाही पाणी सुटते. वरचा पावाचा चुरा भाजतानाच पेरावा.

थर लावण्याआधी भांड्यात फॉइल अंथरले तर गोठलेली वडी उचलून वेगळी गुंडाळता येते आणि भांडे अडकून पडत नाही. पदार्थ दोन तासांच्या आत निववून फ्रीझरमध्ये जायला हवा. उणे 18 अंश सेल्सिअसला तो दोन-तीन महिने चांगला राहतो. पुढे बिघडत नाही, पण चव उतरते. वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

भाजण्याच्या आदल्या दिवशी वडी फॉइल काढून पुन्हा त्याच भांड्यात बसवावी आणि भांडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. मग 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटे पुरतात. मध्यभाग 75 अंशांपर्यंत तापला पाहिजे. गोठलेलेच भाजायचे तर फॉइल झाकून, आच थोडी कमी ठेवून, जवळजवळ दुप्पट वेळ द्यावा लागतो. काचेचे भांडे फ्रीझरमधून थेट गरम ओव्हनमध्ये कधीही घालू नये, ते तडकते.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. दार उघडले नाही तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो, त्यामुळे काही तासांच्या खंडाने पदार्थाला धोका नसतो. मात्र पूर्ण सुटून कोमट झालेला थर पुन्हा गोठवू नये.