अनेल्का, निकोला

अनेल्का, निकोला : (१४ मार्च १९७९ – ). फ्रेंच व्यावसायिक फुटबॉलपटू. मुख्यतः आघाडीचा खेळाडू (स्ट्रायकर). १९९५-९६ च्या हंगामापासून २०१५ पर्यंत तो फ्रान्स, इंग्लंड, स्पेन, तुर्कस्तान, चीन, इटली आणि भारत या सात देशांतील बारा क्लबांकडून खेळला. क्लबांची संख्या सर्वत्र सारखी आढळत नाही. पॅरिस सँ-जर्मँचे दोन मुक्काम वेगळे धरले तर ती तेरा होते; लिव्हरपूल व युव्हेंटस येथील लोनचे (मूळ क्लबाने ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबाकडे खेळायला देण्याचे) करार वगळले तर दहा. लोनच्या मुदतीत खेळाडूची नोंदणी ज्या क्लबासाठी तो खेळतो त्याच्याच नावे असते. हे लक्षात घेता बारा हा आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

जन्म व्हर्सायजवळील ल शेने येथे. आईवडील मूळचे कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटाचे. बालपण पॅरिसच्या पश्चिमेकडील त्राप या उपनगरात गेले. क्लेरफोंतेन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात तयार होऊन तो पॅरिस सँ-जर्मँकडे आला व तेथेच त्याने व्यावसायिक पदार्पण केले.

फेब्रुवारी १९९७ मध्ये, वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, प्रशिक्षक आर्सेन व्हेंगर यांनी त्याला लंडनच्या आपल्या आर्सेनल क्लबाकडे नेले. त्यासाठी सुमारे ५ लाख पौंड मोजले गेले. इतक्या गुणी खेळाडूसाठी ही रक्कम फारच लहान होती. ती लहान का राहिली, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार हा बोसमन निकालाचा परिणाम होय. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या या निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशात ट्रान्सफर फीविना (जुन्या क्लबाला बदलीची रक्कम न देता) जाण्याची मुभा मिळाली. मात्र तो निकाल व्यावसायिक करार संपलेल्या खेळाडूविषयी होता. अनेल्काचा प्रश्न पहिल्या दीर्घ व्यावसायिक कराराचा होता. दुसरे मत फ्रेंच नियमावलीकडे बोट दाखवते. प्रशिक्षणार्थीने पहिला व्यावसायिक करार त्याला घडवणाऱ्या क्लबाशीच करावा, असे बंधन त्या नियमावलीत होते. परंतु परदेशी क्लबावर ते लागू करण्याचे साधन फ्रेंच क्लबांच्या हाती नव्हते. हे मत वस्तुस्थितीला अधिक जवळचे दिसते. नेमका हाच प्रश्न पुढे ऑलिव्हिए बर्नार या खेळाडूच्या, लियाँ सोडून न्यूकॅसलला जाण्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयापुढे आला. खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला भरपाई मागता येते, पण ती प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चाशी जोडलेली हवी, असे न्यायालयाने १६ मार्च २०१० रोजी ठरवले. फिफाने त्याआधीच, २००१ च्या नियमांत, २३ वर्षे वयापर्यंतच्या खेळाडूसाठी प्रशिक्षणाची भरपाई आणि पुढील प्रत्येक विक्रीतील ५ टक्के वाटा या तरतुदी केल्या होत्या. अनेल्काच्या पहिल्या बदलीच्या वेळी यांतील काहीच अस्तित्वात नव्हते. म्हणून १९९९ मध्ये तोच खेळाडू चव्वेचाळीस पटींहून अधिक किमतीला विकला गेला, तेव्हा त्या नफ्यात पॅरिसचा वाटा नव्हता. त्याच्या भटकंतीचा विचार या पार्श्वभूमीशिवाय करणे अन्यायाचे ठरेल.

आर्सेनलमध्ये १९९७-९८ च्या हंगामात संघाने प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा) व एफए कप (तेथील बाद पद्धतीची स्पर्धा) अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. १६ मे १९९८ च्या एफए कप अंतिम सामन्यात न्यूकॅसलविरुद्धच्या २–० विजयात दुसरा गोल त्याचा होता. पुढच्या हंगामात लीगमध्ये १७ गोल करून त्याने इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम युवा खेळाडूचा पुरस्कार मिळवला. ऑगस्ट १९९९ मध्ये रेआल माद्रिदने त्याला सुमारे २ कोटी २३ लाख पौंडांना घेतले. त्याच महिन्यात आर्सेनलने थिएरी ऑन्रीला आणले. लंडन कोल्नी येथील प्रशिक्षण केंद्राचा खर्चही या विक्रीतून निघाला, असे वारंवार लिहिले जाते.

माद्रिदमधील एक वर्ष वादळी होते. जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमधील क्लब विश्वस्पर्धेत त्याने अल नस्रविरुद्ध एक व कोरिंथियन्सविरुद्ध दोन गोल केले. मार्चमध्ये सरावाला नकार दिल्यामुळे क्लबाने त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केले. तो परतला आणि चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. २४ मे २००० रोजी अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाला ३–० असे हरवणाऱ्या संघात तो सुरुवातीपासून खेळला. निलंबनाची चर्चा आजही होते. त्यामानाने म्युनिकविरुद्धच्या दोन गोलांची आठवण फारशी निघत नाही. त्या गोलांशिवाय रेआलचे ते आठवे युरोपीय विजेतेपद सहज आले नसते.

त्याच वर्षी तो पॅरिसला परतला. पुढे डिसेंबर २००१ पासून हंगामअखेरपर्यंत लिव्हरपूल (लोन), २००२ मध्ये मँचेस्टर सिटी (सुमारे १ कोटी ३० लाख पौंड), जानेवारी २००५ मध्ये इस्तंबूलचा फेनेरबाचे, ऑगस्ट २००६ मध्ये बोल्टन वाँडरर्स (८० लाख पौंड, त्या क्लबाचा तेव्हाचा उच्चांक) आणि जानेवारी २००८ मध्ये चेल्सी (१ कोटी ५० लाख पौंड) असा क्रम आहे. मेन रोड या सिटीच्या जुन्या मैदानावरील अखेरच्या मँचेस्टर डर्बीत (सिटी विरुद्ध युनायटेड), नोव्हेंबर २००२ मध्ये, सिटीच्या ३–१ विजयातील पहिला गोल त्याचा. फेनेरबाचेने २००४-०५ चे तुर्की विजेतेपद मिळवले. त्याच्यावर खर्च झालेल्या सर्व ट्रान्सफर फींची बेरीज ८.५ ते ९ कोटी पौंडांच्या दरम्यान दिली जाते. माद्रिद व पॅरिसचे व्यवहार युरो नोटा येण्यापूर्वीचे असल्याने पेसेटा, फ्रँक आणि पौंड यांच्या दरांनुसार आकडे बदलतात. नेमकी रक्कम छापणाऱ्या याद्यांवर म्हणूनच फार विसंबू नये.

तो कोणत्या जागेवरचा खेळाडू होता, हा त्याच्या कारकिर्दीतील खरा तांत्रिक प्रश्न आहे. आर्सेनलमध्ये तो शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभा राही आणि डेनिस बर्गकाम्पचा पास सुटताच बचावफळीच्या मागे धावे. ऑफसाइडच्या रेषेवरची ही धाव त्याच्या वेगामुळे रोखणे अवघड जाई. पुढे त्याचा ओढा बदलला. चेंडूची वाट पाहत उभे राहण्यापेक्षा मधल्या फळीपर्यंत खाली येऊन चेंडू घेणे आणि दुसऱ्याला वाट मोकळी करून देणे त्याला रुचू लागले. आपण निव्वळ गोल करणारा पुढचा खेळाडू नाही, हे तो स्वतः सांगत असे. तथापि २००८-०९ मध्ये चेल्सीत दिदिए द्रोग्बाच्या दुखापतीच्या काळात तो आघाडीला बहुधा एकटाच होता, आणि त्याच हंगामात १९ गोलांसह तो प्रीमियर लीगमधील सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढच्या वर्षी कार्लो आन्चेलोत्तींच्या हाताखाली द्रोग्बाचे लीगमधील गोल २९, अनेल्काचे ११. चेल्सीला लीग व एफए कप ही दोन्ही विजेतेपदे मिळाली. केवळ गोल मोजणाऱ्याला ही घसरण वाटेल. ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना द्रोग्बासमोरची रिकामी जागा कोण तयार करत होते, हे ठाऊक आहे. चेल्सीतील पहिल्या हंगामाचा शेवट मात्र कटू झाला: २१ मे २००८ रोजी मॉस्कोतील चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमधील त्याचा फटका गोलरक्षक एडविन व्हान डर सारने अडवला आणि करंडक मँचेस्टर युनायटेडकडे गेला.

सतत क्लब बदलण्याचे कारण म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचा स्वभाव पुढे केला. अबोलपणावरून त्याला रुसव्याचे टोपणनावही दिले. भाऊ क्लोद व दिदिए त्याचे व्यवहार पाहत, यावरही बरेच लिहिले गेले. यात तथ्य नाही असे नाही. पण बहुतेक बदल्यांत विकणाऱ्या क्लबाला पैशाची किंवा प्रशिक्षकाला वेगळ्या जागेच्या खेळाडूची गरज होती, ही बाजू अधिक वजनदार वाटते. लिव्हरपूलला तो राहू इच्छित होता. तेथील प्रशिक्षक जेरार उलिए यांनी त्याच्याऐवजी एल हाजी दियुफला घेतले.

फ्रान्सकडून तो ६९ सामने खेळला व त्यात त्याचे १४ गोल आहेत. १९९८ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या २८ जणांतून अखेरच्या क्षणी वगळलेल्या सहांत तो होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्धच्या २–० विजयातील दोन्ही गोल त्याचे. २००० च्या युरोपीय स्पर्धेतील विजेत्या संघात तो होता, पण अंतिम सामन्यात उतरला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये ऐनवेळचे बोलावणे नाकारल्यावर तो तीन वर्षे संघाबाहेर राहिला. परतला तो ९ नोव्हेंबर २००५ रोजी, कोस्टारिकाविरुद्ध, मार्टिनिकमधील फोर-द-फ्रान्स येथे. आईवडिलांच्या बेटावरच्या त्या सामन्यात त्याने गोलही केला.

१७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांच्याशी त्याचा खटका उडाला. वादाचे मूळ वर सांगितलेलाच प्रश्न होता: एकट्या स्ट्रायकरने पुढेच थांबावे, अशी प्रशिक्षकांची अपेक्षा होती आणि तो खाली येत होता. १९ जूनला ‘लेकीप’ या क्रीडा दैनिकाने त्याच्या तोंडी घातलेली शिवी पहिल्या पानावर छापली. त्याला मायदेशी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी नाइस्ना येथे खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. फ्रेंच महासंघाने त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी घातली. छापलेले शब्द आपण उच्चारलेच नाहीत, असे अनेल्का सांगत आला. त्याने दैनिकाविरुद्ध केलेला बदनामीचा दावा न्यायालयाने फेटाळला. मात्र दोमेनेक यांनी नंतर दिलेली हकिगत मथळ्याशी जुळत नाही. खोलीत उपस्थित असलेल्या प्रशिक्षकांची साक्ष अधिक विश्वसनीय मानण्याकडे येथे कल आहे. वाद झाला आणि तो उर्मट शब्दांत झाला, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

२०१२ मध्ये तो शांघाय शेनहुआकडे गेला व काही काळ खेळाडू-प्रशिक्षकही होता. २०१३ च्या पूर्वार्धात युव्हेंटसकडून त्याला मोजकेच सामने मिळाले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून २८ डिसेंबर २०१३ रोजी वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोल केले, त्यांपैकी एका गोलानंतर त्याने ‘कनेल’ (एक हात खाली ताठ, दुसरा त्याच्या दंडावर) हा हातवारा केला. विनोदी कलावंत मित्र दिएदोने याला दिलेला तो पाठिंबा होता, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लिश महासंघाच्या आयोगाने हातवाऱ्याचा ज्यूद्वेषाशी संबंध असल्याचे ठरवून पाच सामन्यांची बंदी व ८० हजार पौंड दंड केला. मात्र तो स्वतः ज्यूद्वेष्टा आहे किंवा तसा त्याचा हेतू होता, असा निष्कर्ष काढला नाही. मार्च २०१४ मध्ये त्याचे क्लबाशी संबंध संपले. प्रीमियर लीगमधील त्याची एकूण नोंद ३६४ सामने व १२५ गोल अशी आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये तो इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामासाठी मुंबई सिटीकडे आला. इंग्लंडमधील बंदी शिल्लक असल्याने सुरुवातीचे काही सामने त्याला बाहेर बसावे लागले. प्रशिक्षक पीटर रीड होते, तर संघात आर्सेनलचा जुना सहकारी फ्रेडी ल्युनबर्ग होता. त्याच हंगामात डेव्हिड त्रेझेगे पुणे सिटीकडे व रोबेर पिरेस एफसी गोवाकडे होते. म्हणजे २००० च्या युरोपविजेत्या संघातील तिघे जण एकाच वेळी महाराष्ट्र व गोव्यातील क्लबांकडून खेळत होते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केरळा ब्लास्टर्सविरुद्ध अनेल्काने फ्री किकवर केलेल्या गोलाने मुंबईने १–० असा विजय मिळवला. संघ आठांत सातवा आला. २०१५ मध्ये तो खेळाडू-प्रशिक्षक झाला. त्याच्या मार्गदर्शनाखाली सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध ५–१ च्या विजयात हॅटट्रिक केली. या लीगमधील भारतीय खेळाडूची ती पहिली. काही आठवड्यांतच फातोर्ड्याला गोव्याकडून ०–७ असा पराभव पत्करावा लागला आणि संघ सहाव्या स्थानी राहिला. त्यानंतर २०१७ मध्ये तो नेदरलंड्समधील रोडा क्लबाचा सल्लागार होता, आणि २०२१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील इयेर क्लबात अल्पकाळ क्रीडा संचालक.