वार्धक्यातील मेंदू व नेत्रविकारांसाठी संशोधननिधी

अल्झायमर व इतर प्रकारचा स्मृतिभ्रंश, काचबिंदू आणि मॅक्युलाचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) ऱ्हास हे उतारवयात बळावणारे विकार आहेत. त्यांची कारणे शोधणे, उपचार तपासणे आणि रुग्णांना व त्यांना सांभाळणाऱ्यांना आधार देणे यासाठी सरकार, धर्मादाय संस्था आणि देणगीदार पैसा उभा करतात. त्या निधीची व तो वाटण्याच्या पद्धतीची माहिती या नोंदीत आहे.

मेंदू आणि डोळा एकत्र घेण्याला शास्त्रीय आधार आहे. गर्भावस्थेत दृष्टिपटल आणि ऑप्टिक नर्व्ह मेंदूच्याच भागातून तयार होतात आणि त्यांतील चेतापेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन मॅक्युलाच्या ऱ्हासात दृष्टिपटलाखाली साचणाऱ्या पिवळसर कणांतही सापडते. या विकारांत नुकसान गुपचूप सुरू होते. अल्झायमरची लक्षणे दिसण्याच्या १५–२० वर्षे आधी मेंदूत बदल घडू लागलेले असतात आणि काचबिंदूत बाजूची नजर बरीच गेल्यावर रुग्णाला शंका येते. रोग दशकांच्या गतीने चालतो, अनुदान मात्र दोन ते पाच वर्षांचे असते. या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणींचे मूळ या तफावतीत आहे.

निधी कुठून येतो

सर्वांत मोठा वाटा अमेरिकी सरकारचा आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी (एनआयएच) नॅशनल आय इन्स्टिट्यूट १९६८ मध्ये आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग १९७४ मध्ये स्थापन झाली. अल्झायमरवरचा एनआयएचचा खर्च २०११ मध्ये वर्षाला सुमारे ४५ कोटी डॉलर होता. त्या वर्षी राष्ट्रीय अल्झायमर प्रकल्प कायदा झाला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत संबंधित विकारांसह हा खर्च ३०० कोटी डॉलरच्या वर गेला. कायद्यामागे रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनांनी चिकाटीने लावलेला रेटा होता, हे आवर्जून नोंदवायला हवे.

धर्मादाय संस्थांची रक्कम यापुढे छोटी दिसते, पण तिचे काम वेगळे आहे. अमेरिकेतील मेरिलँड राज्यातली ब्राइटफोकस फाउंडेशन ही संस्था १९७३ मध्ये सुरू झाली. तिचे पूर्वीचे नाव अमेरिकन हेल्थ असिस्टन्स फाउंडेशन असे होते. अल्झायमर, काचबिंदू आणि मॅक्युलाचा ऱ्हास यांसाठी तिचे तीन स्वतंत्र अनुदान कार्यक्रम आहेत. प्रायॉनच्या (रोग पसरवणाऱ्या विकृत प्रथिनाच्या) शोधासाठी १९९७ चे नोबेल मिळवणारे स्टॅन्ली प्रुसिनर आणि चेतापेशींतील संदेशवहनावरील कामासाठी २००० चे नोबेल मिळवणारे पॉल ग्रीनगार्ड यांना या संस्थेने सुरुवातीच्या काळात अनुदान दिले होते. काचबिंदूसाठी सॅन फ्रान्सिस्कोची ग्लॉकोमा रिसर्च फाउंडेशन (१९७८) आणि स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स असोसिएशन (१९८०) याच प्रकारे काम करतात. अल्झायमर्स ड्रग डिस्कव्हरी फाउंडेशनचा (१९९८) मार्ग निराळा आहे. ती औषध विकसित करणाऱ्यांत गुंतवणूक करते आणि परतावा आल्यास तो पुन्हा संशोधनात घालते. मेंदूतले अमायलॉइड दाखवणाऱ्या पेट स्कॅनसाठी टोचायच्या, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या द्रव्यामागे तिचा सुरुवातीचा पैसा होता.

सरकारी परीक्षकांना अर्जासोबत काही प्राथमिक निष्कर्ष लागतात, आणि ते मिळवायलाच पैसा लागतो. नवी, न रुळलेली कल्पना इथेच अडते. दोन-तीन वर्षांसाठी दोन-तीन लाख डॉलरचे बीज-अनुदान ही कोंडी फोडते. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा सर्वाधिक उपयोग याच टप्प्यावर होतो, असे या क्षेत्राचा इतिहास सांगतो.

अर्ज आणि परीक्षण

एनआयएचच्या ‘आर०१’ या मुख्य अनुदानाच्या अर्जात उद्दिष्टांसाठी एक पान आणि संशोधनाच्या आराखड्यासाठी बारा पाने मिळतात. ‘आर२१’ या शोधक अनुदानात आराखडा सहा पानांत बसवावा लागतो. साधारण तीन परीक्षक अर्ज बारकाईने वाचून १ ते ९ गुण देतात, ज्यात १ सर्वोत्तम असतो. प्राथमिक गुणांत मागे पडलेल्या, सुमारे निम्म्या अर्जांवर बैठकीत चर्चाच होत नाही. उरलेल्यांना सर्व सदस्य गुण देतात, सरासरीला दहाने गुणून १० ते ९० मधला आकडा ठरतो आणि मग सल्लागार मंडळ शिफारस करते. अर्ज भरल्यापासून पैसा हाती येईपर्यंत बहुधा नऊ महिने किंवा जास्त जातात. धर्मादाय संस्था सहसा वर्षातून एकदा आधी छोटे इरादापत्र मागवतात आणि त्यातून निवडलेल्यांकडूनच पूर्ण प्रस्ताव घेतात.

उद्दिष्टांचे पान सर्वांत महत्त्वाचे. दुसरे उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर पूर्णपणे अवलंबून असेल तर परीक्षक तिथेच गुण कापतात, कारण पहिला प्रयोग फसला की सगळा प्रकल्प कोसळतो. नमुन्याचा आकार कसा ठरवला याचे गणित नसणे आणि अपेक्षित परिणाम न दिसल्यास पुढे काय करणार हे न लिहिणे, या दोन त्रुटीही वारंवार आढळतात.

अंदाजपत्रकातली नेहमीची चूक वयाशीच निगडित आहे. वार्धक्याचा अभ्यास करायचा तर उंदीर १२ ते १८ महिने किंवा त्याहून जास्त काळ पाळावे लागतात. जागा, खाद्य आणि देखभाल यांचा रोजचा खर्च चालू राहतो, काही उंदीर वाटेतच मरतात, म्हणून सुरुवातीला जादा ठेवावे लागतात. दोन वर्षांच्या अनुदानात पहिली तुकडी म्हातारी होईपर्यंत निम्म्याहून जास्त मुदत संपते आणि प्रयोग पुन्हा करून पाहायला वेळ उरत नाही. जाणते संशोधक म्हणूनच अर्ज करण्याआधीच तुकडी वाढवायला घेतात, किंवा वयस्क उंदीर विकत घेण्याची तरतूद करतात.

माणसांवरच्या चाचण्यांत गळती हा मोठा खर्च आहे. स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत रुग्णासोबत त्याला नीट ओळखणारी एक व्यक्ती प्रत्येक भेटीला लागते. ती आजारी पडली किंवा तिला रजा मिळाली नाही की रुग्णही सुटतो. अमायलॉइड स्कॅनमध्ये अपात्र ठरणारे बरेच असतात आणि त्यांच्या तपासणीचा खर्च अनुदानातूनच जातो. दोघांचा प्रवासखर्च आणि सोबत्याची बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरलेली नसेल, तर दूर राहणारे व गरीब रुग्ण आपोआप गळतात आणि निष्कर्ष शहरी, सुखवस्तू लोकांपुरते उरतात.

सार्वजनिक पैशाने काय साधले

मॅक्युलाच्या ओल्या प्रकारच्या (दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून गळणाऱ्या) ऱ्हासावर रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एका मात्रेची किंमत सुमारे २००० डॉलर होती. कर्करोगासाठीचे बेव्हॅसिझुमॅब डॉक्टर डोळ्यात वापरत होते, त्याची मात्रा सुमारे ५० डॉलरला पडत होती. दोन्ही औषधे एकाच मूळ कंपनीची, त्यामुळे तुलना करून पाहण्यात तिला रस असण्याचे कारण नव्हते. नॅशनल आय इन्स्टिट्यूटने पैसा दिला आणि सुमारे १२०० रुग्णांवरील ‘कॅट’ चाचणी उभी राहिली. २०११ मधील एक वर्षाच्या निष्कर्षांत, सारख्या वेळापत्रकाने दिल्यास दोन्ही औषधांनी दृष्टी सारखीच राखली जाते, असे दिसले. भारतात हजारो रुग्णांना परवडणारा उपचार मिळतो त्याला हा भक्कम आधार आहे.

स्वस्त पर्यायाची एक जोखीम मात्र आहे. बेव्हॅसिझुमॅबच्या ४ मिलीच्या कुपीत १०० मिग्रॅ औषध असते, तर डोळ्यात फक्त ०.०५ मिली, म्हणजे १.२५ मिग्रॅ सोडायचे असते. एका कुपीतून अनेक सिरिंज भरताना निर्जंतुकपणा किंचितही चुकला तर एकाच तुकडीतल्या अनेक डोळ्यांत एकदम जंतुसंसर्ग होतो आणि दृष्टी जाऊ शकते. सिरिंज निर्जंतुक हवेच्या कक्षात भरणे आणि तुकडीचा क्रमांक रुग्णाच्या कागदावर नोंदवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

‘एरेड्स’ हा वयाशी निगडित नेत्रविकारांचा अभ्यासही सरकारी पैशाचाच. मॅक्युलाचा ऱ्हास मध्यम टप्प्यावर असलेल्यांत ठरावीक जीवनसत्त्वे, जस्त व तांबे यांनी रोग गंभीर टप्प्यावर जाण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटते, हे २००१ मध्ये दिसले. धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या ‘एरेड्स-२’ नंतर त्याच्या जागी १० मिग्रॅ ल्युटीन व २ मिग्रॅ झियाझँथिन आले. निरोगी डोळ्यांना या गोळ्यांनी फायदा होतो असा पुरावा नाही, तरी त्या सरसकट खपवल्या जातात, हे खेदजनक आहे.

अल्झायमरचे चित्र इतके समाधानकारक नाही. अनेक वर्षे निधीचा ओघ अमायलॉइडकडेच राहिला आणि इतर वाटांवरच्या संशोधकांना अर्ज मंजूर करून घेणे जड गेले. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपावरचा, ‘नेचर’मध्ये २००६ साली आलेला आणि भरपूर उद्धृत झालेला शोधनिबंध चित्रांतील फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेल्या लेकॅनेमॅब या अमायलॉइड हटवणाऱ्या औषधाने १८ महिन्यांत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मापनपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा होता, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याची शक्यता असल्याने वारंवार एमआरआय करावे लागते. हा फायदा खरा आहे, पण लहान आहे. दाह, रक्तवाहिन्या आणि टाउ प्रथिन या वाटांना जास्त पैसा मिळायला हवा तो यामुळेच. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांत उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचा समावेश केला, ही मेंदू व डोळा दोन्हींच्या निधीधारकांनी एकत्र बसून विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

भारतात

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, पण त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला. शस्त्रक्रिया मोजता येतात. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखायची असते, त्यामुळे तिथे दाखवायला तसा आकडा नसतो. साठीवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ज्या ‘लासी-डॅड’ अभ्यासातून आला, त्याला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचे अनुदान होते. आपले रुग्ण मोजायला अमेरिकी करदात्याचा पैसा लागला. याउलट बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टच्या २२५ कोटी रुपयांच्या देणगीवर उभे राहिले. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात सुमारे १०,००० ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचा त्याचा प्रकल्प आहे. इतक्या लांब पल्ल्याच्या कामाला दीर्घ मुदतीची देणगीच साथ देऊ शकते.

परदेशी निधी घेताना आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. विदेशी अंशदान कायद्याखाली आलेला पैसा २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २० टक्के आहे. एका संस्थेने अनुदान घेऊन ते चार भागीदार संस्थांत वाटायचे, ही पूर्वीची रीत त्यामुळे बंद झाली. आता प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र करार करावा लागतो. हे अर्जाच्या वेळीच न पाहिल्यास मंजूर रक्कम अडकून पडते.

रुग्णसाहाय्य आणि देणगी

संशोधनाला दिलेला पैसा आज घरी असलेल्या रुग्णापर्यंत पोचत नाही. दिवसभराची देखभाल केंद्रे आणि सांभाळणाऱ्यांना मोकळीक देणाऱ्या सेवा यांसाठी वेगळी तरतूद लागते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया (१९९२) या दिशेने काम करते. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. डोळ्यातली इंजेक्शने पुन्हापुन्हा घ्यावी लागत असतील, तर पहिल्याच भेटीत उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटावे. बिल भरल्यानंतर सवलत मागणे फार अवघड जाते.

देणगीदाराने लेखापरीक्षित हिशेब, स्वतंत्र परीक्षक मंडळ आणि मागील अनुदानांचे प्रसिद्ध निष्कर्ष तपासावेत. देणगी संशोधनासाठी, रुग्णसेवेसाठी की कायम निधीसाठी, हे पत्रात स्पष्ट लिहावे. नुसते ‘देणगी’ लिहिल्यास संस्था ती कोणत्याही कामाला वापरू शकते. आयकराच्या जुन्या करप्रणालीतील सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नये, आणि साध्या पावतीवर न थांबता आयकर खात्याच्या ठरावीक नमुन्यातले देणगी-प्रमाणपत्र मागून घ्यावे.