हृदयशस्त्रक्रियेनंतर तान्ह्या बाळाची घरची काळजी

जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया झाल्यावर, रुग्णालयातून सुटी मिळाल्यापासून छातीचे हाड जुळेपर्यंत आणि दूध-वजन मार्गी लागेपर्यंत आईवडील व घरची माणसे करतात ती शुश्रूषा. हा काळ साधारण ६ ते ८ आठवड्यांचा असतो. सुमारे १०० बाळांमागे एकाला जन्मजात हृदयदोष असतो. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. कप्प्यांमधले मोठे छिद्र, टेट्रालॉजी ऑफ फॅलो (हृदयात एकत्र असलेले चार दोष), मुख्य रोहिण्यांची अदलाबदल अशा दोषांत मात्र पहिल्याच वर्षात, कधी पहिल्या पंधरवड्यातच छाती उघडावी लागते.

पुण्यात अशा बाळांबरोबर सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडची कुटुंबेही येतात. सुटी झाली तरी पहिल्या तपासणीपर्यंत ती शहरातच नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत थांबतात. तपासणी बरी झाली तरी मग घाटातून प्रवास असतो आणि गावी गेल्यावर हृदयरोगतज्ज्ञ जवळ नसतो. म्हणून घरच्यांना काय शिकवून पाठवले, याला फार महत्त्व येते.

शस्त्रक्रियेत छातीच्या मधले हाड उभे कापून पुन्हा बांधलेले असते. त्यामुळे बाळाला काखेत हात घालून उचलायचे नाही. एक तळवा मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली सरकवून त्याला परातीतल्या कणकेच्या गोळ्यासारखे अलगद, आडवेच उचलायचे. सांगायला सोपे आहे, पण घरात आजी, मावशी, शेजारच्या काकू अशा चार जणी असतात आणि प्रत्येकीचा हात सवयीने काखेकडेच जातो. सुटीच्या आधी आईबरोबर आजीलाही वॉर्डात बोलावून परिचारिकेसमोर दोन-चार वेळा उचलायला लावावे.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे बाळाची न्हाणी. आपल्याकडे मालिश करणारी बाई पाटावर बसते, पाय लांब करते आणि बाळाला नडग्यांवर पालथे घालून पाठीवर ऊन पाणी ओतते. या पद्धतीत बाळाचा सगळा भार नेमका जुळत असलेल्या हाडावर येतो. मालिश संपताना दोन्ही हात ओढून छातीवर घडी घालतात, उजवा हात डाव्या पायाला लावतात. तो ताणही तिथेच जातो. शिवाय जखमेत तेल मुरते. शल्यचिकित्सक परवानगी देईपर्यंत ही आंघोळ बंद ठेवून कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने अंग पुसावे. जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, पावडर, तूप काही लावू नये. ओवा-धुपाची धुरीही नको, कारण या बाळांच्या फुप्फुसांवर आधीच ताण पडून गेलेला असतो. मालिशवाल्या बाईला हे सगळे शांतपणे, कारणासकट सांगितले तर ती सहसा ऐकते. तिच्या हातांना बाळाची पारख असते; पायांना हलके तेल लावायची मुभा मिळाल्यावर पहिल्यांदा बोलवायचे ते तिलाच. झबले पुढून बंदांचे घ्यावे, डोक्यावरून चढवायचे नको.

दूध हा दुसरा मोठा विषय. चार-सहा घोट घेतले की ही बाळे दमतात, कपाळावर घाम येतो आणि पिता पिता झोपतात. दर २-३ तासांनी थोडे थोडे पाजावे. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ओढाताण केली तर मिळालेली शक्ती पिण्यातच खर्च होते. उरलेले काढलेले दूध वाटी-चमच्याने देता येते. पहिल्या काही महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. मात्र एका दिवसात वजन एकदम वाढले तर अंगात पाणी साठल्याची शंका घ्यावी. काही बाळांच्या छातीत लसिकेचा, म्हणजे आतड्यांतून स्निग्धांश वाहून नेणारा, पांढरा द्रव साठतो. तेव्हा काही आठवडे आईचे नेहमीचे दूध थांबवून वेगळ्या स्निग्धांशाचे दूध द्यावे लागते. त्या काळात आईने दूध काढत राहावे, म्हणजे पान्हा आटत नाही. तिचा जीव तुटतो तो वेगळाच. सहाणेवर उगाळलेली घुटी आणि मध, दोन्ही टाळावीत.

घरी बहुधा लघवी वाढवणारे औषध, कधी हृदयाचे ठोके जोरकस करणारे डिगॉक्सिन, कधी रक्त पातळ राहण्यासाठी ॲस्पिरिन असते. मात्रा इतकी लहान असते की गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजने मोजून द्यावी लागते. ०.४ मिलिलिटरच्या जागी ४ मिलिलिटर गेले तर दहापट औषध जाते. सिरिंजवर त्या खुणेपाशी चिकटपट्टी लावावी. सुटीचा कागद इंग्रजीत असेल तर मात्रा आणि वेळ मराठीत लिहून मागावी. तो पालकांचा हक्कच मानला पाहिजे. बाळाने औषध ओकले तर न विचारता पुन्हा देऊ नये, चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करू नये.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक, जखमेतून पू, लघवीचे लंगोट कमी होणे, दूध नाकारणे, सारखी किरकिर यांसाठी त्याच दिवशी दाखवावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी हृदयाभोवती पाणी साठू शकते आणि त्याची सुरुवात अशाच साध्या वाटणाऱ्या तक्रारींनी होते. जीभ किंवा ओठ निळे पडले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, किंवा बाळ शांत असताना श्वास मिनिटाला ६० च्या वर (दोन महिन्यांनंतर ५० च्या वर) गेला तर १०८ वर फोन करावा.

पुण्याच्या गणपतीत घरोघरी आरतीला माणसे जमतात आणि बाळाचा पापा घेणारेही त्यांतच असतात. सर्दीचे माणूस आणि गर्दी, दोन्ही पहिले काही आठवडे दूर ठेवावीत. बारसे पुढे ढकलता येते. लसी पूर्ण बंद होत नाहीत, पण रक्त दिलेले असल्यास गोवर-रुबेलासारख्या काही लसींची तारीख डॉक्टर पुढे नेतात.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे मुख्य आधार आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. प्रवास, भाडे, बुडालेला रोजगार यांचा भार मात्र बहुतेक घरे स्वतःच उचलतात.

हाड जुळले तरी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) तपासण्या वर्षानुवर्षे चालू राहतात. पहिला दात दिसला की तो रोज ओल्या फडक्याने पुसायला लागावे, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचू शकतात. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना शस्त्रक्रियेचा कागद बरोबर न्यावा.