दान काय फक्त स्टेजवरच्यांनाच असतं?

आपल्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, वर्षानुवर्षं एक समज चालत आलाय, की देवाने दान, म्हणजे अंगचा एखादा गुण, दिलंय म्हणजे ज्याला गाता येतं, संदेश देता येतो तोच, बाकीच्यांनी बाकावर बसून आमेन म्हणायचं. हे बायबलला धरून नाहीच हो! निर्गम ३१ उघडून बघा, तिथे देव ज्याला आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल कारागीर आहे, सोन्याचांदीचं, लाकडाचं काम करणारा. आणि प्रेषितांची कृत्ये ९ मधली यापोची टबीथा, ती वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवत होत्या, तर तिने शिवलेले कपडे.

मत्तय २५ च्या दाखल्याचंही तसंच. धनी परगावी जाताना एका चाकराला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक अशा पैशाच्या थैल्या सोपवून जातो, आणि लोकांना वाटतं ज्याला जास्त मिळालं त्यालाच जास्त शाबासकी. पण पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी अगदी तेच शब्द बोलतो. बोलणी बसली ती एकवाल्याला, आणि तीही कमी मिळालं म्हणून नाही, भीतीपोटी पुरून ठेवलं म्हणून.

पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचंच घ्या ना. रमाबाईंना संस्कृत आईवडिलांकडून मिळालेलं, भाषेचं जबरदस्त डोकं, ते सगळं त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायला लावलं, १९२२ मधे वारल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या. पण ते छापलं कुणी? मुक्तीतल्याच बायकामुलींनी, तिथल्याच छापखान्यात, छपाईचे खिळे जुळवून! त्यामुळे तुमच्या मंडळीत कुणाला हिशोब जमतो, शिवण जमते, वायरिंग जमतं, त्यांना या रविवारी विचारा तरी.