कार्पेट काढलं की गाडी आतून पाइपनं धुता येते?

"गाडीतलं कार्पेट उपटा, व्हिनाइलची (प्लास्टिकसारखी) शीट टाका आणि आतून पाइप मारा, पत्रा गंजायचा नाही," हा सल्ला ऑफरोडवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला अर्धाच खरा.

चिखल पुसायला व्हिनाइल उत्तम, वादच नाही. पण सीटच्या बोल्टांपाशी आणि दाराच्या कडेनं पाणी खाली शिरतंच. खालचा फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, ते धरून ठेवतो आणि व्हिनाइलमधून वाफ बाहेर पडत नाही. वरून सगळं ठणठणीत कोरडं, खाली पत्र्याला गंजाचे फोड. ओलं कार्पेट निदान वास मारून चुगली तरी करतं!

शिवाय सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅग यंत्रणेचे असतात. ते भिजले तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागू शकतो. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या तळाला ड्रेन प्लग (पाणी सोडायची बुचं) आहेत, पण तिथंही प्रेशर वॉशर नको. बादली आणि फडकं पुरे.

बदलायचंच तर जुना फेल्ट काढा, गंज घासून प्रायमर आणि रंग मारा. व्हिनाइलची मॅट चिकटवू नका. पावसाळ्यात उचलून वाळवता आली पाहिजे. फेल्ट गेल्यानं आवाज आणि गिअरबॉक्सची धग मात्र वाढेल.