दहा सेकंदांचा झोका

गेल्या मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या महाल भागातलं आत्याचं घर, कूलरची घरघर, वाळ्याच्या ताटीतून ठिबकणारं पाणी. आत्याचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. घरी तपासायला येणाऱ्या सिस्टरनं रक्तदाब घेतला, पाठीवरची जखम पुसली, गोळ्या मोजल्या. मग स्टूल खाटेजवळ ओढून बसली आणि विचारलं, "आत्याबाई, मनात काय चाललंय?"

आत्या बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच काऊन, बाई? मी कोनाचं काय वाईट केलं व्हतं?"

सिस्टरनं उत्तर दिलं नाही. हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. आदल्याच आठवड्यात भेटायला आलेल्या एकानं आत्याला तोंडावर सांगितलं होतं, "मागच्या जन्मीचं भोगावं लागतं." त्या वाक्यानंतर दोन रात्री आत्या झोपली नव्हती.

सिस्टर गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टरांनी हात टेकले का?" गंभीर आजारात आध्यात्मिक आधार म्हटलं की आपल्याकडे एक तर तुळशीपत्र-गंगाजल आठवतं, नाही तर बुवा. हा लेख तो गैरसमज दूर करण्यासाठी आहे.

ब्रिटनमधल्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि पुढे डॉक्टर. मरणाच्या दारातल्या माणसांचं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं. त्यातून 1960च्या दशकात त्यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना मांडली. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरच्या काळजीचं असतं, आणि 'माझ्या जगण्याला काय अर्थ होता' या प्रश्नाचंही असतं. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या व्याख्येतही उपशामक उपचारांत, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या उपचारांत, शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक, चारही बाजू आहेत. रुग्णाच्या घरच्यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे सिस्टरचा तो प्रश्न रक्तदाबाइतकाच तिच्या कामाचा भाग होता.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. सिस्टर गेल्यावर आत्यानं नामजप सुरू केला. माझी बहीण एक ओळ म्हणायची, आत्या ती झेलायची. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे हात आपोआप घड्याळाकडे गेला.

आपल्या मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि हे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला कळवतात. तिथून दोन हुकूम सुटतात. एक व्हेगस चेतातंतूवाटे हृदयाला, 'हळू हो'. तो ठोक्या-दोन ठोक्यांत अंमलात येतो. दुसरा रक्तवाहिन्यांना, 'सैल व्हा'. त्याला मात्र काही सेकंद लागतात, आणि खरी गंमत या उशिरात आहे. हिवाळ्यात गीझरचा नळ फिरवताना काय होतं ते आठवा. पाणी गार लागतं म्हणून आपण गरम सोडतो, ते पोचायला वेळ लागतो, तोवर जास्तच सोडलेलं असतं, मग चटका बसतो, मग उलटं फिरवतो. रक्तदाबाचंही तसंच. दुरुस्ती उशिरा पोचते, थोडी जास्त होते, मग उलट दुरुस्ती. त्यामुळे दाब सतत संथपणे वरखाली झुलत राहतो, आणि या झोक्याची एक फेरी साधारण दहा सेकंदांची असते.

श्वासाचा झोका वेगळा. श्वास घेताना हृदय किंचित जलद होतं, सोडताना संथ. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर ही फेरी चार सेकंदांची. चार आणि दहा, दोघांची लय जुळत नाही. पण श्वास मिनिटाला सहावर आला की त्याचीही फेरी दहा सेकंदांची होते. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकललं की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसं हृदयाच्या गतीतलं हेलकावणं मोठं होतं आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे मोजलं. 23 निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे...' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची संवेदनशीलता 9.5 वरून 11.5 वर गेली. एकक आहे दाबाच्या दर मिलिमीटरमागे दोन ठोक्यांमधल्या अंतरात पडणारा मिलिसेकंदांचा फरक. एकक विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: धर्म दोन, भाषा दोन, परिणाम तोच. जपमाळेच्या प्रार्थनेत अर्धा भाग एकानं म्हणायचा आणि अर्धा इतरांनी. आपल्या भजनात टाळकरी ओळ झेलतात, तसंच. दुसरा म्हणत असताना आपला श्वास आपोआप लांबतो. नागपुरात कुणी अभंग म्हणेल, कुणी त्रिशरण, कुणी तस्बीह ओढेल. लय संथ असली की लंबमज्जा भेद करत नाही.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अमुक मंत्राच्या कंपनांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, असे संदेश मोबाईलवर फिरतात. हे धादांत खोटं आहे. 1954 सालच्या कायद्यानं कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही आहे. 'लांबून केलेल्या प्रार्थनेनं रुग्ण बरा होतो का' हेही अमेरिकेत तपासून झालंय. हृदयाच्या बायपासचे 1802 रुग्ण घेतलेला तो अभ्यास 2006 मध्ये छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांना प्रार्थना होतेय हे नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्क्यांना. जप गाठ विरघळवत नाही. आणि बर्नार्दींची माणसं निरोगी होती. धाप लागलेल्या रुग्णाला 'श्वास लांब घे' म्हणून दामटणं हा छळ आहे. त्यानं ऐकावं, म्हणावं दुसऱ्यानं. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला जप नकोच असेल. त्याच्याशी शेताबद्दल बोला, त्यानं शिकवलेल्या पोरांबद्दल बोला, पण विचारा आधी.

ज्यांच्या नावानं नागपुरात कर्करोग रुग्णालय आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये कर्करोगानंच गेले. आयुष्यभर खंजिरी वाजवून गावोगाव भजनं केलेल्या त्या माणसानं अंधश्रद्धेवरही तितकेच कोरडे ओढले. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, हे या शहराला नव्यानं सांगायची गरज पडू नये.

शेवटच्या आठवड्यात आत्या बोलेनाशी झाली. तेव्हा मला कॅनडातला 2020 सालचा एक अभ्यास आठवला. हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या डोक्याला मेंदूतले विद्युतसंकेत टिपणारी विद्युतअग्रं लावून त्यांना सुरांच्या मालिका ऐकवल्या. मधेच सूर बदलला की त्यातल्या काहींचे मेंदू ती नोंद घेत होते. अर्थ कळत होता असं यातून सिद्ध होत नाही, पण आवाज पोचत होता. म्हणून आम्ही खोलीत कुजबुजणं बंद केलं. उमरेडहून तिचा भाऊ आला. शेताच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तो उशाशी बसला, "अक्का, मी आलो वो," म्हणाला, आणि माझ्या बहिणीच्या जागी त्यानं ओळ धरली. सूर पार बेसूर, पण लय संथ. मी घड्याळ काढलं नाही. रात्री दहा वाजता सिस्टरनं सांगितल्याप्रमाणे मॉर्फिनचे थेंब आत्याच्या गालात सोडले, तेवढ्यापुरता तो थांबला, आणि मग पुन्हा म्हणू लागला.