ल्यूई पिंड

ल्यूई पिंड : कंपवात म्हणजेच पार्किन्सन विकार आणि ल्यूई पिंडांचा स्मृतिभ्रंश या आजारांत मेंदूतील चेतापेशींच्या आत साचणारे प्रथिनयुक्त गोळे. मृत्यूनंतर मेंदू तपासताना कंपवाताच्या निदानावर शिक्कामोर्तब होते ते बहुधा यांच्यामुळेच. मात्र पेशी मरते ती या पिंडामुळे की आणखी कशामुळे, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य या भागात डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्याचा पातळ काप इओसिन या गुलाबी रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की निरोगी पेशीत तपकिरी रंगद्रव्याचे कण दाटीने भरलेले दिसतात. रोगग्रस्त पेशीत हेच कण कडेला सरकलेले असतात आणि आत गुलाबी, वाटोळा गोळा ठाण मांडून असतो. त्याच्याभोवती फिकट कडे दिसते. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातील, पिंडांना असे कडे नसते, त्यामुळे ते नजरेतून सहज सुटतात. त्यांचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध जपानी संशोधक केंजी कोसाका यांनी १९७६ पासून पुढे आणला.

जर्मन चेतातज्ज्ञ फ्रिट्झ हाइनरिख ल्यूई यांनी १९१२ मध्ये या पिंडांचे वर्णन केले. म्युनिकमध्ये अलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते. गंमत अशी, की त्यांनी हे पिंड पाहिले ते मेंदूच्या इतर भागांत. कृष्णद्रव्यातील पिंड दाखवून त्यांना ल्यूईंचे नाव दिले कॉन्स्टंटिन त्रेत्याकोफ यांनी, १९१९ च्या पॅरिसमधील प्रबंधात. ज्यू असल्याने ल्यूईंना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले.

पिंड कशाचा बनतो, याचा उलगडा १९९७ साली झाला. इटली आणि ग्रीसमधील काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कंपवाताचे मूळ अल्फा-सिन्युक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या जनुकात सापडले. त्याच वर्षी मारिया ग्राझिया स्पिलांतिनी, मिशेल गोएडर्ट आणि सहकाऱ्यांनी पिंडांत हेच प्रथिन गच्च भरलेले असल्याचे दाखवले. बहुप्रणाली अपक्षय या दुर्मिळ विकारातही ते साचते, पण प्रामुख्याने चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये.

जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडले, की पिंड आधी मेंदूस्तंभाच्या खालच्या भागात आणि गंधाच्या केंद्रात दिसतात आणि मग वर चढतात. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास येईनासा होणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे, या तक्रारींची संगती त्यातून लागते. सगळ्याच रुग्णांचे मेंदू मात्र या क्रमाने जात नाहीत. २००८ मध्ये आणखी चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आली: दशकाहून अधिक काळापूर्वी रुग्णांच्या मेंदूत उपचार म्हणून रोपलेल्या गर्भपेशींतही ल्यूई पिंड आढळले. जुन्या पेशींनी नव्यांना रोग लावला, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात.

पिंडच पेशी मारतो, हे न मानणारा दुसरा पक्ष म्हणतो, की पिंड ही पेशीने घातक तुकडे एका कोपऱ्यात कोंबून केलेली तात्पुरती सोय असावी. खरे विष म्हणजे त्याआधीचे छोटे, विरघळणारे पुंजके. तो मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पाठीच्या कण्यातील द्रवात चुकीच्या घडीचे सिन्युक्लीन शोधणारी चाचणी आता बहुतेक रुग्णांत होकारार्थी येते. पण एलआरआरके२ या जनुकातील दोषामुळे कंपवात झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत ती नकारार्थी निघते, आणि त्यांतील काहींच्या शवविच्छेदनात पेशी मेलेल्या आढळतात, पिंड मात्र एकही मिळत नाही.